गार हवेचें पाणी

उन्हाळ्याच्या तोंडावर शहरांतील कुटुंबांत ज्या यंत्राची चौकशी सुरू होते, त्यांत खिडकींत बसविण्याच्या वातानुकूलन यंत्राचा नंबर बराच वर लागतो. घरोघरीं त्यास 'एसी' या दोन अक्षरांनींच ओळखतात. खरेदीच्या वेळीं किंमत पाहिली जाते, विजेचा खर्च विचारला जातो, आवाज किती होतो याचीही खात्री करून घेतली जाते. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो असा कीं, या यंत्रांतून जें पाणी निघेल तें जाणार कोठें? मग जून महिन्यांत पाऊस सुरू झाला म्हणजे या न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर भिंतीवर, गादीवर, नाहीं तर खालच्या बिऱ्हाडाच्या दोरीवरील कपड्यांवर उमटूं लागतें.

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर बदलापूरच्या पुढें वांगणी लागतें. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील हें गांव. मुंबईंत घर घेणें आवाक्याबाहेर गेलेलीं नोकरदार कुटुंबें या बाजूस सरकलीं आणि शेतांच्या कडेला अनेक मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. या यंत्राच्या दृष्टीनें येथील दोन ऋतु अगदीं निरनिराळे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत समुद्रावरचा वारा मुंबईइतका येथवर पोंचत नाहीं. दुपारीं अंग भाजून निघतें, पण हवा त्या मानानें कोरडी असते. जून उजाडला कीं सारें पालटतें. ओले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहींत, मिठाच्या बरणीस पाणी सुटतें आणि कपाटांतील पुस्तकांवर बुरशी चढते. २७ जुलै २०१९ रोजीं याच वांगणी व बदलापूर यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि हजाराहून अधिक प्रवाशांस बाहेर काढावें लागलें. जमिनीवर आलेलें पाणी डोळ्यांना दिसतें. हवेंतलें पाणी दिसत नाहीं, एवढाच काय तो फरक. यंत्र बहुधा एप्रिलमध्यें बसविलें जातें आणि त्याची खरी परीक्षा जुलैमध्यें होते. या विषयांतील बहुतेक तक्रारींचें मूळ येथेंच आहे.

हें पाणी येतें तरी कोठून? यंत्राच्या पोटांतील वायु पातळ होऊन गळतो, असा कित्येकांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. तो वायु बंद नळ्यांतून फिरतो आणि नळी फुटल्याखेरीज बाहेर येत नाहीं. ठिबकणारें पाणी हें खोलींतल्याच हवेंतलें असतें. पावसाळ्यांत बर्फाचें पाणी भरलेला तांब्या टेबलावर ठेवला, तर घटकाभरांत त्याला बाहेरून घाम फुटतो. तांब्या झिरपत नाहीं. त्याच्या गार अंगास लागलेली हवा निवते आणि तिला आपल्यांतील वाफ धरून ठेवतां येत नाहीं, म्हणून ती थेंबांच्या रूपानें टाकून देते. पहांटे गवतावर पडणारें दंव याच नियमानें पडतें.

थोडे आंकडे पाहिले तर हा नियम अधिक स्पष्ट होईल. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत अधिकांत अधिक सुमारे ३० ग्रॅम वाफ राहूं शकते. हवा १० अंशांपर्यंत निवविली तर ही मर्यादा सुमारे ९ ग्रॅमवर येते. पावसाळ्यांत बाहेर ३० अंश उष्णता व ८० टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम पाणी असतें, आणि अशी हवा २६ अंशांच्या खालीं गेली कीं दंव पडूं लागतें. यंत्रांतील थंड वेटोळें, ज्यास कारागीर 'कॉइल' म्हणतात, तें याहून पुष्कळच अधिक गार असतें. तेव्हां त्यावर पाणी जमलें नाहीं तरच नवल.

दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोली घेतली, तर तींत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती २४ अंशांवर आणून सुखावह कोरडी केली, तर दर घनमीटरमागें सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे एकंदर दोन पेले पाणी निघेल. पण हिशेब येथें संपत नाहीं. दार उघडतें, फटींतून ओली हवा आंत शिरते, माणसें श्वास सोडतात व घाम गाळतात. त्यामुळें भर पावसाळ्यांत एक टनाच्या यंत्रांतून तासाला लिटरभर किंवा त्याहून थोडें अधिक पाणी निघणें ही नित्याची गोष्ट आहे. रात्रभरांत एक लहान बादली भरते.

येथें 'टन' या शब्दाचा अर्थ सांगणें अवश्य आहे, कारण तें यंत्राचें वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता त्याच अवधींत खोलींतून काढून टाकण्याची शक्ति म्हणजे एक टन. तींतलाही एक वांटा पाण्यावरच खर्च होतो. वाफेचें पाणी होतांना ती आपली गुप्त उष्णता बाहेर टाकते, आणि ती यंत्रास ओढून न्यावी लागते. तासाला एक लिटर पाणी काढण्यांत एक टनाच्या यंत्राची जवळ जवळ एकपंचमांश शक्ति जाते. म्हणूनच पावसाळ्यांत बाहेर फारसें ऊन नसतांनाही यंत्र दीर्घकाळ चालत राहतें.

तें पाणी म्हणजे यंत्राचा दोष नव्हे. ज्या यंत्रापासून आधुनिक वातानुकूलनाचा उगम झाला, तें यंत्र मुळीं हवेंतील ओल काढण्यासाठींच जन्मास आलें. १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे व आकसे, त्यामुळें एकावर एक छापावयाचे रंग जागेवर बसत नसत. विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या इंजिनियरानें गार वेटोळ्यांवरून हवा नेऊन तिच्यांतील ओल आटोक्यांत ठेवण्याची योजना केली. माणसांच्या सुखासाठीं तिचा उपयोग पुढें होऊं लागला. याच्या उलट विदर्भांतील कूलर पाहावा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून त्यांतून हवा ओढली कीं पाणी उडतें आणि हवा निवते. तेथें हवेस पाणी द्यावें लागतें, वांगणीस तें काढून घ्यावें लागतें. जुलैमध्यें वांगणीच्या घरांत कूलर लावला तर गारव्यापेक्षां कोंदटपणाच अधिक वाढेल.

आतां यंत्राच्या आंत पाण्याचा प्रवास कसा होतो तें पाहावें. खोलीकडील थंड वेटोळ्यावर जमलेले थेंब खालच्या ट्रेमध्यें ओघळतात व तेथून मागच्या, म्हणजे खिडकीबाहेरच्या भागांत जातात. त्या भागांत दुसरें वेटोळें असतें. तें तापलेलें असून खोलींतील उष्णता बाहेर टाकीत असतें. पुष्कळशा यंत्रांत बाहेरच्या पंख्याच्या पात्यांभोवतीं एक कडें बसविलेलें असतें. त्याची खालची कड तळाच्या पाण्यास स्पर्श करते आणि पंखा फिरूं लागला कीं तें पाणी तापलेल्या वेटोळ्यावर उडवितें. वेटोळें निवतें, पाणी वाफ होऊन जातें आणि विजेचीही थोडी बचत होते. पावसाळ्यांत 'छपछप' असा जो आवाज येतो, तो बहुधा याच कड्याचा. त्यास बिघाड समजून घाबरूं नये.

मेच्या कोरड्या दुपारीं ही योजना इतकी चोख चालते कीं बाहेर थेंबही पडत नाहीं आणि यंत्रास पाणीच नाहीं असा घरच्या मंडळींचा ग्रह होतो. जुलैमध्यें मात्र पाणी अधिक जमतें आणि बाहेरची हवा आधींच वाफेनें भरलेली असल्यामुळें तें उडतें कमी. उरलेलें पाणी मागच्या भोकांतून बाहेर पडलें पाहिजे. तें भोंक बुजलें, किंवा यंत्राचा कल चुकला, तर पाणी उतार सांपडेल तिकडे जातें, आणि पुष्कळदां तो उतार खोलीच्या बाजूस असतो.

म्हणून यंत्र बसवितांनाच कांहीं गोष्टी पाहून घ्याव्या. पहिली गोष्ट कलाची. बाहेरची बाजू आंतल्या बाजूपेक्षां किंचित् खालीं, साधारणपणें पाव ते अर्धा इंच, ठेवण्याचा प्रघात आहे. तथापि निर्मात्याच्या पुस्तिकेंत निराळें मोजमाप दिलें असेल तर तेंच पाळावें. कारण कल अति दिला तर पाणी कड्यापर्यंत टिकत नाहीं आणि उलट पडला तर घरांत येतें. गवंड्याच्या नजरेवर विसंबून न राहतां पाणसळ लावून पाहणें बरें. दुसरी गोष्ट नळीची. मागच्या भोकास नळी जोडून ती सतत उतरत्या वाटेनें मोरीच्या पाइपापर्यंत किंवा पन्हळीपर्यंत न्यावी. मध्यें कोठेंही ती वर चढतां कामा नये, आणि तिचें खालचें तोंड सांचलेल्या पाण्यांत बुडतां कामा नये. तिसरी गोष्ट फटींची. यंत्र व चौकट यांमधील फट नीट बुजविली नाहीं, तर बाहेरची ओली हवा आंत येऊन गार पत्र्यावर दंव धरते, आणि यंत्र गळतें असा भास होतो. चौथी गोष्ट विजेची. प्लगची जागा यंत्राच्या बरोबर खालीं नसावी आणि तारेला प्लगच्या अलीकडे खालच्या बाजूस झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोळाशीं गळून पडतो, प्लगमध्यें शिरत नाहीं. हें सारें झाल्यावर, यंत्र चालू करण्यापूर्वीं, कारागिराकडून ट्रेमध्यें तांब्याभर पाणी ओतवून तें कोठून बाहेर पडतें हें समक्ष पाहावें. पांच मिनिटांची ही परीक्षा पुढील चार महिन्यांचा मनस्ताप वांचविते.

त्यानंतरची निगा फारशी अवघड नाहीं. हवेंतील धूळ ओल्या ट्रेमध्यें बसते, तींत शेवाळ व बुरशी वाढते आणि तो बुळबुळीत थर नळीचें तोंड हळूहळू बंद करतो. पावसाळ्यापूर्वीं एकदां, व पावसाळ्यांत मधून मधून, यंत्र बंद करून व प्लग काढून ट्रे आणि नळी स्वच्छ करवून घ्यावी. पुढची जाळी पंधरवड्यांतून एकदां धुवावी. ही जाळी चोंदली तर वेटोळ्यावरून पुरेशी हवा जात नाहीं, तें गोठणबिंदूच्या खालीं जातें आणि त्यावर बर्फ धरूं लागतो. यंत्र बंद होतांच तो बर्फ एकदम वितळून जमिनीवर थारोळें होतें. जाळी स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल, तर वायु कमी झाला असण्याचा संभव असतो, आणि तें काम जाणत्या कारागिराचें आहे. भर जुलैमध्यें एक थेंबही बाहेर पडत नसेल तर समाधान न मानतां नळी तपासावी. नळीखालीं बादली ठेवली असल्यास ती रोज ओतून टाकावी. डासांच्या अंड्यापासून पुरा डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ, स्थिर पाणीच पसंत करतो. हें पाणी लादी पुसण्यास वा कुंड्यांतील झाडांस घालण्यास चालेल, पिण्यास मात्र मुळींच वापरूं नये. तें धुळीच्या ट्रेमधून व धातूच्या नळ्यांवरून आलेलें असतें.

इतकें सांगून झालें तरी एक गोष्ट उरते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्राचा मालक बहुधा आपल्या भिंतीचीच काळजी करतो. नळी न लावतां थेंब मोकळे सोडले कीं त्याच्या खोलीपुरता प्रश्न सुटतो. पण ते थेंब कोठें तरी पडतातच. खालच्या छज्जावर तेच तेच पडत राहिले तर गिलावा भिजतो, ओल आंत मुरते, आंतील लोखंडी सळयांना गंज चढतो आणि फुगलेला गंज बाहेरचें सिमेंट फोडतो. ज्या घरासाठीं एखाद्या कुटुंबानें वीस वर्षांचे हप्ते पत्करले आहेत, त्याची भिंत वरच्या घरांतील गारव्यासाठीं खचावी हें न्यायाचें नाहीं.

ते थेंब वाटेवर पडले तर परिणाम याहून गंभीर होतो. वांगणींत अनेक दृष्टिहीन कुटुंबें राहतात. त्यांतील कित्येकजण लोकलगाड्यांतून किरकोळ वस्तू विकून निर्वाह करतात. १७ एप्रिल २०२१ रोजीं वांगणी स्थानकावर दृष्टिहीन आईबरोबर चाललेलें मूल रुळांवर पडलें आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनीं येणाऱ्या गाडीपुढें धांवत जाऊन तें वांचविलें. त्या प्रसंगामुळें या वस्तीकडे सर्वांचें लक्ष गेलें. इमारतीच्या जिन्याशीं किंवा गल्लीच्या फरशीवर रोज पाणी ठिबकलें कीं तेथें शेवाळ धरतें. डोळस माणूस तें पाहून वळसा घेतो. पांढऱ्या काठीस खड्डा कळतो, पायरी कळते, पण शेवाळाचा पातळ थर कळत नाहीं. तो पाय घसरल्यावरच समजतो. पहांटेची गाडी गांठण्यासाठीं निघालेल्या माणसाचा पाय मोडला तर त्याची रोजची कमाईच थांबते.

चार हात नळी आणि दोन खिळे एवढ्यानें हें सारें टळतें. ज्या इमारतींत अनेक यंत्रें आहेत, तेथें प्रत्येकानें वेगळी नळी लोंबत सोडण्याऐवजीं सर्वांनीं मिळून भिंतीवरून एक उभा पाइप उतरवावा आणि त्याचें तोंड गटारांत सोडावें. एकट्यास जो खर्च नकोसा वाटतो, तो दहाजणांत वांटला म्हणजे जाणवतही नाहीं. हवेंतलें पाणी खोलींतून काढतांच तें यंत्राच्या धन्याचें होतें, आणि तें गटारापर्यंत पोंचवून देणें हें त्याचेंच काम आहे. हें काम पावसाची पहिली सर येण्यापूर्वीं, मे महिन्यांतच उरकून घेणें शहाणपणाचें.