अंदाज आणि विश्वास

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्च हा ऋतुसंधीचा महिना होय. मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट हवा उत्तरेकडे सरकू लागलेली असते. पण कॅनडातील हिवाळ्याची पकड अद्याप सुटलेली नसते. या दोन भिन्न प्रकृतीच्या वायुराशी एकमेकींना भिडल्या आणि उंचावरील वेगवान वाऱ्यांची साथ मिळाली, की किनाऱ्यालगत कमी दाबाचे क्षेत्र झपाट्याने तीव्र होते. त्याच्या पिछाडीस वायव्येकडून ध्रुवीय हवा घुसते, काही तासांत तापमान गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जाते आणि सायंकाळच्या पावसाचे पहाटे हिम होते. अशा वादळाचे भाकीत करणे हा हवामानशास्त्रापुढील जुना प्रश्न आहे. त्याची एक बाजू शास्त्राची, तर दुसरी लोकांच्या विश्वासाची आहे आणि आज ही दुसरी बाजूच अधिक बिकट झाली आहे.

शास्त्राची मजल

१८८८ साली अमेरिकेत हवामानाची सेवा लष्कराच्या संदेशवहन दलाकडे होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये न्यूयॉर्ककरांना पाऊस पडून नंतर हवा निवळेल असे सांगण्यात आले होते. ११ मार्चच्या रविवारी पाऊस पडला खरा. पण मध्यरात्रीनंतर त्याचे हिमवादळ झाले. शहरात सुमारे २१ इंच हिम साचले, तारायंत्राच्या तारा तुटल्या, उन्नत मार्गावरील गाड्या जागीच अडकल्या आणि किनारपट्टीवर मिळून चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. समुद्रावर काय घडत आहे, हे कळण्याचे साधनच त्या काळी नव्हते.

पुढे १०५ वर्षांनी, १९९३ च्या मार्चमध्ये, तशाच वादळाची चाहूल राष्ट्रीय हवामान सेवेला जवळजवळ पाच दिवस आधी लागली. उपग्रहांची निरीक्षणे आणि संगणकावर सोडविलेली वातावरणाची समीकरणे यांचे हे फळ होते. हिमाचा पहिला कण पडण्यापूर्वीच काही राज्यांच्या गव्हर्नरांनी आणीबाणी पुकारली. अलाबामासारख्या दक्षिणी राज्यातील बर्मिंगहॅम येथे १३ इंच हिम पडले आणि १४ मार्च रोजी पारा उणे १७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. वादळात अडीचशेहून अधिक बळी गेले. पूर्वसूचना नसती, तर हा आकडा कितीतरी वाढला असता.

मात्र या यशालाही एक खिंडार होते. आखातावर पुरेशी निरीक्षणे नसल्याने वादळ तेथे किती वेगाने तीव्र होईल, याचा अदमास चुकला. १३ मार्चच्या पहाटे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी बारा फुटांपर्यंत समुद्र चढला आणि त्या राज्यात चाळीसहून अधिक लोक दगावले. निरीक्षण जेथे तुटते, तेथे सर्वोत्तम गणितही पांगळे ठरते. हे ध्यानात घेता २०२५ च्या मार्चमध्ये ओमाहा व रॅपिड सिटी येथून हवामानाचे फुगे सोडणे मनुष्यबळाअभावी थांबवावे लागले, ही घटना क्षुल्लक मानता येत नाही.

सांगावे किती?

विश्वासाचा प्रश्न १४ मार्च २०१७ च्या वादळाने उभा केला. न्यूयॉर्क शहरात फूट-दीड फूट किंवा त्याहूनही अधिक हिम पडेल, असा इशारा होता. आदल्या दिवशी दुपारी नवी गणिते वेगळे सांगू लागली. हिम आणि पाऊस यांच्यातील सीमारेषा अतिशय अरुंद असते. ती काही मैल पश्चिमेकडे सरकली की हिमाऐवजी पाऊस आणि गारठलेला चिखल वाट्यास येतो. तरीही अंदाजातील मोठे आकडे कायम ठेवण्यात आले. ऐनवेळी ते उतरविले, तर संकट टळले असा लोकांचा समज होईल, अशी अधिकाऱ्यांना भीती वाटली. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये साडेसात इंचांच्या आसपास हिम पडले. त्याच वादळाने राज्याच्या अंतर्भागातील बिंगहॅम्टन येथे मात्र जवळजवळ तीन फूट हिमाचा थर टाकला.

अधिकाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण लोकांना शंका पेलवणार नाहीत, हे त्यामागील गृहीतक अमान्य केले पाहिजे. आपले ज्ञान जेथे संपते ती रेघ दाखविणे, हा शास्त्राचा कमीपणा नव्हे; तोच त्याचा धर्म होय. लोकांच्या हितासाठी का होईना, ती रेघ एकदा झाकली, की पुढच्या खऱ्या इशाऱ्याची पत कमी होते. त्याचा भुर्दंड मग अंदाज वर्तविणाऱ्याला नव्हे, तर वादळात सापडलेल्या माणसाला भरावा लागतो.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. लाल इशाऱ्यामुळे मुंबईतील शाळा बंद राहाव्यात आणि दिवसभर ऊन पडावे, असे घडले की थट्टेला ऊत येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाडा-विदर्भातील रब्बीचे पीक झोडपून काढले, ती आठवण मात्र थट्टेची नाही. अंदाज हा शब्द निश्चितीचा नाही, हे वाचकानेही समजून घेतले पाहिजे आणि शक्यता किती व शंका किती, हे हवामान खात्यानेही साध्या मराठीत सांगितले पाहिजे. शेतकऱ्याला आणि पालकाला निर्णय घ्यायचा असतो. त्यासाठी त्याला संपूर्ण सत्य मिळण्याचा अधिकार आहे.