स्लॅशनंतरचा आकडा आणि सात नागपूर

२०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती. मेल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये स्लॅशनंतर २४ऐवजी ८ लिहिलं, की अशा जवळजवळ सात नागपुरांना पुरतील इतके, म्हणजे १,६७,७७,२१६ आयपी पत्ते तुमच्या सर्व्हरवरून हवा तिथं मेल पाठवायला मोकळे होतात.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'मायनेटवर्क्स' नावाची एक ओळ असते. तिच्यात बसणाऱ्या पत्त्यावरून आलेला मेल सर्व्हर सहसा पासवर्ड न विचारता पुढे रिले करतो. स्लॅश २४ म्हणजे २५६ पत्ते, कॉलेजच्या एखाद्या विभागाला पुरेसे. हा आकडा एकानं कमी केला की पत्ते दुप्पट. १०वर आलात की ४१,९४,३०४, म्हणजे अख्खं नागपूर मावून जागा उरते. ५वर १३ कोटी ४२ लाख, २०११च्या महाराष्ट्राहून जास्त.

असं कुणी मुद्दाम करत नाही. प्राध्यापक नागपुरातल्या धरमपेठेतल्या घरून, मोबाइल डेटावर मेल पाठवतात आणि '५५४ रिले ॲक्सेस डिनाइड' असं उत्तर येतं. प्रस्ताव पाठवायची शेवटची तारीख असते, फोन येतो, आणि सिस्टीम सांभाळणारा घाईघाईत रेंज वाढवून देतो. पण मोबाइलचा पत्ता बदलत राहतो आणि एकाच पत्त्याआड शेकडो ग्राहक असू शकतात. आयपीव्ही६च्या लांब पत्त्यांमध्ये तर एका फोनला सहसा अख्खा स्लॅश ६४ मिळतो. तेवढ्यात २०११च्या भारतातल्या प्रत्येकाला दीड हजार कोटी पत्ते वाटता येतील! पत्त्यावरून माणूस ओळखायचे दिवस गेले.

दार उघडं सापडल्यावर स्पॅमवाला काय करतो? पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगमध्ये एका मेलला १,००० प्राप्तकर्ते चालतात, एकाच वेळी १०० जोडण्या घेतल्या जातात, आणि एका पत्त्याला असलेली ५० जोडण्यांची मर्यादा 'मायनेटवर्क्स'मधल्यांना लागतच नाही. एका दमात १ लाख प्राप्तकर्ते. त्यांचे सर्व्हर उत्तर देत नसतील, तर प्रत्येक मेल पाच दिवस रांगेत राहतो आणि साधारण १०० वेळा पुन्हा पाठवून पाहिला जातो. १ लाखाचे १ कोटी प्रयत्न होतात. तोवर तुमचा सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि विद्यार्थ्यांना पाठवलेली प्रवेशाची पत्रं परत येऊ लागतात. त्या मुलांचा यात काय दोष?

उपाय १९९८पासून हाताशी आहे: ५८७ पोर्ट. तिथं पासवर्ड घेऊनच मेल स्वीकारा, मग माणूस धरमपेठेत असो की दुबईत. 'मायनेटवर्क्स'मध्ये फक्त सर्व्हर स्वतः आणि लॉगिन करू न शकणारा एखादा स्कॅनर ठेवा, तोही एकेका पत्त्यानं. पासवर्डही चोरीला जातात, म्हणून प्रत्येक खात्याला दर तासाच्या मेलची मर्यादा घाला.

सर्व्हर तुमच्या हाती असेल तर आजच मोबाइल डेटावरून लॉगिन न करता बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवून पाहा. नकार यायलाच हवा. मग लॉगिन करून पाठवा. तो गेलाच पाहिजे.