घाटातली ड्यूटी, घरातली जाग

मैत्रिणींनो, पावसाळ्यात कसारा घाटातून जाताना रुळालगत हातदिवा घेऊन चालणारा गँगमन कधी पाहिलात? ३७ फुटांमागे १ फूट अशी ही चढण. दरड आली, रूळ तडकला, तर गाडी थांबवायची ती त्यानेच. म्हणून रात्रभर गस्त.

इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या बायका बचत गटाच्या निमित्ताने भेटतात. "ताई, रात्रपाळीवाला दिवसा झोपतो. मुलांनी कुजबुजत अभ्यास करायचा, कुकरची शिट्टीसुद्धा नको!" १९८९ च्या रेल्वे कायद्यात सतत काम असणाऱ्यांना आठवड्याला सरासरी जास्तीत जास्त ५४ तास काम आणि सलग ३० तास विश्रांती ठरलेली आहे. कागदावर छानच! पण पाळी बदलल्याचं आदल्या संध्याकाळी कळलं, तर डबा कधी करायचा, सासूबाईंना दवाखान्यात कधी न्यायचं? आता गँगमध्ये बायकाही आहेत. त्या तर ड्यूटीवरून थेट ओट्याशीच. पंधरा दिवसांचा तक्ता आधी मिळावा, एवढंच सगळ्यांचं मागणं आहे, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

तोवर घरच्या कॅलेंडरवर खुणा करा, असं मी सुचवलं. त्यांची विश्रांती निळ्या पेनाने, तुमची लाल. एकीने लगेच विचारलं, "ताई, लाल कुठल्या वारी लिहू?"