गाडीत जास्तीची वायर टाकताय? आधी फ्यूज कुठे बसवलाय ते बघा

परतूरहून वाटूर फाट्याकडे रात्री गाडी चालवली असेल, तर जास्तीच्या लाइटांची हौस का येते ते वेगळं सांगायला नको. उसाचा हंगाम, पुढे ट्रॉली, तिला मागचा दिवा नाही आणि समोरून येणाऱ्याचा अप्पर थेट डोळ्यांत. मग कुणी फॉग लॅम्प बसवतं, कुणी मोठा हॉर्न, कुणी डॅशकॅम. वरातीला गाडी देणारे तर अँप्लिफायरशिवाय थांबतच नाहीत.

गाडी एमएच-21 असो नाहीतर दुसऱ्या कुठल्या पासिंगची, या सगळ्याला वीज बॅटरीतूनच लागते. बहुतेक गाड्यांत बॅटरी बोनेटखाली असते आणि स्विच डॅशबोर्डवर. मधे पत्र्याची भिंत. इंजिनाचा आवाज, उष्णता, धूर आणि वेळ आलीच तर आग, हे सगळं माणसांपासून लांब ठेवायला ती असते. इंग्रजीत तिला फायरवॉल म्हणतात ते त्यामुळेच.

आपण नेमकी त्याच भिंतीतून वायर आत घेतो. पाच मिनिटांचं काम वाटतं. पण गाडीत बाहेरून केलेल्या वायरिंगमधली सगळ्यात धोक्याची जागा हीच.

आता तुम्ही म्हणाल, बॅटरी तर 12 व्होल्टची, हात लावला तरी झटका बसत नाही, मग भीती कसली?

झटका बसत नाही हे खरं आहे. पण आग व्होल्टवर नाही, वायरीतून किती अँपिअर वाहतात त्यावर लागते. 55 वॅटचे दोन दिवे धरा. घरच्या 230 व्होल्टवर एवढ्या दिव्यांना अर्धा अँपिअर पुरतो. गाडीच्या 12 व्होल्टवर त्यांनाच 9 अँपिअर लागतात. म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी वायरीवर जवळजवळ वीसपट भार. घरात चालते म्हणून तीच बारीक वायर गाडीत टाकली की गडबड इथूनच सुरू होते.

आणि हा झाला सगळं सुरळीत चालल्यावरचा हिशोब.

वायर पत्र्यातल्या भोकातून नुसतीच ओढलेली आहे असं समजा. कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. इंजिन थरथरतं, आपले रस्ते त्यात भर घालतात, आणि रोज थोडी थोडी ती कड वायरीचं प्लास्टिक खात राहते. महिना जाईल, कदाचित वर्ष जाईल. एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं. गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, त्यामुळे हा सरळ शॉर्ट. स्टार्टर फिरवण्यासाठी शेकडो अँपिअर द्यायची ताकद बॅटरीत असतेच, ती सगळी आता या वायरीत उतरते. एक चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर असेल तर ढोबळ हिशोबाने 200 अँपिअर आणि दोन किलोवॅट उष्णता. बाथरूममधला गीझर जेवढं तापवतो, तेवढं त्या एका बोटभरही नसलेल्या वायरीत. प्लास्टिक काही सेकंदांत पेटतं, आणि शेजारी गाडीचा मूळ वायरिंगचा जुडगा असतो.

इथे फ्यूजचा प्रश्न येतो, आणि नव्वद वेळा चूक इथेच होते. बरेच जण फ्यूज लावतात, पण आत, डॅशबोर्डजवळ. हेतू असा की उडाला तर बदलायला सोपा. पण वायर कापली जाते भिंतीपाशी. करंट बॅटरीतून निघतो, भिंतीपाशी पत्र्यात शिरतो आणि मायनसला परत जातो. तो आतल्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही. फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

फ्यूज दिव्याला किंवा हॉर्नला वाचवण्यासाठी असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो वायरीला वाचवण्यासाठी असतो, आणि वाचवतो तो फक्त त्याच्या पुढच्या वायरीला. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम उघड्यावर असतो. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा: वीतभर, फार तर हातभर. जागा बॅटरीशेजारीच.

फ्यूज किती अँपिअरचा? वरच्या 9 अँपिअरच्या दिव्यांना 15 चा, म्हणजे निळ्या रंगाचा. 10 चा लाल, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा असतो. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या. निळा सारखा उडतोय म्हणून हिरवा टाकणारे महाभाग आहेत. तसं केलं की फ्यूजच्या आधी वायर वितळू शकते. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांबद्दल काय बोलावं.

बाहेरून बसवलेल्या सामानाचा विषय एकदा देशभर गाजला होता. 2010 मध्ये टाटा नॅनोला आग लागण्याच्या काही घटना घडल्या. त्यातली एक मुंबईतली, शोरूममधून घरी निघालेल्या कोऱ्या गाडीची. कंपनीने तपास करून सांगितलं की मूळ रचनेत दोष नाही. बाहेरून बसवलेलं विजेचं उपकरण किंवा एक्झॉस्टवर राहिलेला बाहेरचा पदार्थ, अशी कारणं त्या त्या गाडीपुरती आहेत. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक्झॉस्ट आणि वायरिंग या दोन्हींना जास्तीचं संरक्षण फुकट बसवून द्यायची तयारी कंपनीने दाखवली. नॅनोचं इंजिन मागे होतं, त्यामुळे ही भिंतीची गोष्ट तिला जशीच्या तशी लागू नाही. पण बाहेरून जोडलेल्या एका वायरीवर किती मोठी चर्चा होऊ शकते ते त्यावरून दिसलं.

मग वायर आत न्यायची कशी?

आधी हे बघा की ती न्यायची गरज तरी आहे का. डॅशकॅमला गरज नाही. त्याला जेमतेम अर्धा-एक अँपिअर लागतो, डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅप लावून तो घेता येतो. बोनेट उघडायचीच गरज नाही.

दिवे आणि हॉर्न यांना रिले लावा. रिले म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठा स्विच. जाड वायर बॅटरीतून फ्यूजला, तिथून रिलेला, तिथून दिव्याला. सगळं बोनेटखालीच. आत असतो फक्त स्विच, आणि रिलेला चालू करायला 150 मिलिअँपिअरच्या आसपास करंट पुरतो. हा करंट आतल्या फ्यूजबॉक्समधून घ्यायचा, म्हणजे भिंत ओलांडणारी वायर बारीक असते आणि तिला आधीच फ्यूज असतो. रिलेवर आकडे असतात: 30 ला बॅटरीची वायर, 87 ला दिवा, 85 आणि 86 ही स्विच आणि अर्थिंगची जोडी. बाजारात तयार किट मिळतं, ते घेतलेलं बरं.

राहिला अँप्लिफायर. तो 500 वॅटचा असेल तर 40 अँपिअरच्या वर ओढतो, आणि त्याची जाड वायर आत न्यावीच लागते. तिथे भिंतीशी गाठ आहे.

भोक पाडायला ड्रिल उचलू नका. कंपनीचे वायरिंग जातं तिथे भिंतीत मोठं रबरी ग्रोमेट असतं. काही मॉडेलांत न वापरलेल्या भोकांवर नुसतं रबरी बूच असतं, ते मिळालं तर सोन्याहून पिवळं. टॉर्च लावून एक जण बोनेटकडून बघा, दुसरा पेडलांच्या वरून. रबराला जुन्या वायरींपासून लांबच्या जागी बोथट दाभणाने भोक करा, ब्लेडने नाही. सायकलचा स्पोक आरपार घाला, त्याला वायर टेपने बांधा, साबणाचं पाणी लावा आणि हळू ओढा. नंतर भोकाभोवती सिलिकॉन भरा, नाहीतर पावसाचं पाणी आणि इंजिनाचा धूर दोन्ही आत येतात.

ड्रिल मारणं अगदीच अटळ असेल तर पलीकडे काय आहे ते आधी हाताने चाचपून बघा. तिथे वायरिंगचा जुडगा, एसीचे पाइप, ब्रेकचा बूस्टर यातलं काहीही असू शकतं. भोकाची कड कानशीने घासा, प्राइमर लावा, मापाचं ग्रोमेट बसवा आणि मगच वायर घाला. पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ती एअरबॅगची लाइन असते, तिला हात लावू नका.

वायरही गाडीचीच घ्या. घरगुती पीव्हीसी वायर साधारण 70 अंशांपर्यंत टिकेल अशी बनवलेली असते. इंजिनातलं पाणीच 90 अंशांच्या पुढे असतं, एक्झॉस्टजवळ त्याहून कितीतरी जास्त, आणि मे महिन्यात परतूरला नुसती हवाच 42-43 अंशांवर असते. वायरीवर कॉरुगेटेड पाइप चढवा, तो उंदरांनाही थोडा अडवतो. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली थोडा झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळातून टपकेल, आत जाणार नाही. आतल्या बाजूला ती स्टिअरिंगचा रॉड आणि पेडल यांच्यापासून दूर बांधा. क्लचमध्ये अडकलेली वायर घाटात सापडणं परवडत नाही.

काम सुरू करताना दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीचा मायनस आधी सोडा, आणि सगळं जोडून झाल्यावर तो शेवटी लावा.

कायद्याचंही थोडं. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालत नाही. सर्चलाइटला परवानगी लागते. मूळ वायरिंग कापून जोड दिलेला असेल, तर वॉरंटी मागताना शोरूमवाले पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात. त्यामुळे कापाकापी न करता सॉकेटला सॉकेट जोडणारं किट मागा.

गॅरेजमधून गाडी घेताना बोनेट उघडायला सांगा आणि बॅटरीच्या प्लसपासून नव्या वायरीवर बोट फिरवत जा. हातभर अंतरात फ्यूज लागला पाहिजे. तो नसेल तर पैसे द्यायच्या आधी बसवून घ्या, होल्डरसकट शे-दोनशेचं काम आहे. मग दिवे दहा मिनिटं चालू ठेवून फ्यूजच्या होल्डरला हात लावा. कोमट लागला तर चालेल. चटका बसला तर आतला जोड ढिला आहे, तो पुन्हा आवळून घ्या आणि आठ दिवसांनी परत एकदा हात लावून बघा.