साउदॅम्प्टनचं पत्र : वाढत्या वयाचं वजन

साउदॅम्प्टन, इंग्लंड

शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला इथल्या साउदॅम्प्टन कॉमनवर माणसांचा लोंढा धावत सुटतो. कॉमन म्हणजे शहराच्या पोटात राखलेलं, गवताचं आणि झाडीचं, सगळ्यांना मोकळं असलेलं मोठं रान. अंतर पाच किलोमीटर. त्यात घड्याळ लावून पळणारे असतात, बाळाची गाडी ढकलत धावणाऱ्या आया असतात, सत्तरी ओलांडलेले आजोबा असतात आणि आईबापांनी अंथरुणातून उठवून आणलेली, तोंड पाडलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरंही असतात. याला इथं पार्करन म्हणतात. ऑक्टोबर २००४ मध्ये लंडनजवळच्या बुशी पार्कात १३ जणांनी ही धाव सुरू केली. आज ती देशभरातल्या शेकडो बागांत दर शनिवारी होते. पैसे पडत नाहीत, बक्षीस मिळत नाही. ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी रविवारी दोन किलोमीटरची वेगळी धाव असते. शनिवारच्या धावेत एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालत येतो. त्यामुळे सर्वांत शेवटी पोचण्याची नामुष्की कुणाच्याच वाट्याला येत नाही.

हे सविस्तर लिहितोय ते दौंडच्या ताईसाठी, आणि तिच्यासारख्या अनेकींसाठी. भाचा यंदा नववीत गेला. दोन वर्षांत त्याचं अंग एकदम सुटलं. पूर्वी रेल्वे कॉलनीच्या मैदानात अंधार पडेपर्यंत खेळायचा, आता क्लासवरून येतो आणि मोबाइल घेऊन पडतो. ताई फोनवर म्हणाली, "अरे, तुमच्याकडं अशा पोरांना काय देतात रे? एखादा डाएटचा कागद पाठव ना." कागद मी पाठवला नाही, कारण इथले डॉक्टरही तसा कागद देत नाहीत. मूल वाढीला लागलेलं असतं. उंची अजून वाढणार असते. बहुतेक वाढत्या मुलांच्या बाबतीत वजन उतरवण्यापेक्षा ते आहे तिथं थोपवून धरणं पुरतं, उंची वाढली की अंग आपोआप बेतात येतं. उपाशी ठेवलं तर चरबीबरोबर स्नायू आणि हाडंही मार खातात. म्हणून इथला सल्ला मुलाला कमी, घराला जास्त असतो. त्याच्यासाठी वेगळं ताट नको, घरात सगळ्यांचंच ताट सुधारा.

पण इंग्लंडला हे साधलंय असं समजू नका. २००६ च्या सुमारास या देशानं शाळाशाळांतून मुलांची उंची आणि वजन मोजायला सुरुवात केली, एकदा चार-पाच वर्षांची असताना आणि पुन्हा दहा-अकरा वर्षांची झाल्यावर. निकालाचं पत्र घरी येतं. २०२३-२४ च्या मोजणीत दहा-अकरा वर्षांच्या मुलांपैकी २२.१ टक्के मुलं लठ्ठ निघाली. इतकी वर्षं मोजूनही आकडा हटत नाही. त्या पत्रानं दुखावलेली घरं मी पाहिली आहेत. मुलगी जेवायचीच थांबते, आई स्वतःला दोष देत बसते. मोजणीचा एक फायदा मात्र मला मोठा वाटतो. लठ्ठपणा कुठं राहतो, हे तिनं उघड केलं. इथल्या सर्वांत गरीब वस्त्यांत लठ्ठ मुलांचं प्रमाण सर्वांत सधन वस्त्यांच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे जिथं बाग लांब, आईबाप दोन पाळ्यांत राबणारे आणि कोपऱ्यावर स्वस्त तळणाचं दुकान, तिथलं पोर सुटतं. आपल्याकडं अजूनही सुटलेलं अंग खात्यापित्या घराची खूण मानलं जातं. ही समजूत फार काळ टिकणार नाही. दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट आज वाडीवस्तीवरच्या टपरीतही लटकलेलं असतं.

आता शिरूरकरांना आपली वाटावी अशी गोष्ट सांगतो. साउदॅम्प्टनचं आणि आपल्या भागाचं एक जुनं नातं आहे, आणि ते मुलांच्या वजनाचंच आहे. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्यापासून ४०-५० किलोमीटरवरच्या, आपल्या पाबळच्या अंगाच्या सहा गावांत घरोघर फिरले. सोबत होते साउदॅम्प्टनचे संशोधक डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल. लग्न झालेल्या बायांची उंची-वजनं आधीच मोजून ठेवली. सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फूट. बाळंत होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं, मग बाळं मोजली. गावातल्या पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. इथवर नवल नव्हतं. नवल पुढं होतं. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबीची घडी जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार. ज्या आया गरोदरपणी पालेभाज्या, फळं आणि दूध खात होत्या त्यांची बाळं अंगानं बरी होती, हेही तिथंच दिसलं.

ती बाळं मोठी झाली. त्यांना सोडून न देता संशोधक मोजत राहिले, आणि अठराव्या वर्षी त्यांची साखर तपासली. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडलेली, बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि या सगळ्या पोरापोरींतली ४८ टक्के वजनानं कमी होती! लठ्ठ सोडाच, निम्मी हडकुळी. हा आकडा वाचून मी सुन्न झालो होतो. ही आपल्या शेजारपाजारची पोरं. त्यांच्याकडं बघून कुणी म्हणालं असतं का की यांना काही होईल?

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून आमच्या रंगाच्या माणसांना इथले डॉक्टर वजनाची मर्यादा खालची लावतात. काटा आपल्या मुलाबद्दल अर्धंच सांगतो, हे दौंडच्या ताईनं आणि शिरूरच्या प्रत्येक आईनं लक्षात ठेवावं. जाड पोराला तो उगीच घाबरवतो आणि बारीक पोराला खोटा दिलासा देतो. मला विचाराल तर घरातला काटा माळ्यावर टाका. पोरगा न थांबता किती पळतो, किती बैठका मारतो, जिना चढून धापा टाकतो का, ते बघा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, हे मोजायला घरातली शिलाईची टेप पुरते.

आणखी एक बघा. मानेच्या मागं, काखेत कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाड झाली असेल तर तो मळ नसतो. आया अंघोळीला बसवून दगडानं घासतात, पोर रडतं. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. तिथं घासणं थांबवून डॉक्टर गाठावा. मुलीची पाळी अनियमित झाली, पोर झोपेत मोठ्यानं घोरत असलं, अंग महिन्या-दोन महिन्यांत भसकन सुटलं, तरीही डॉक्टरच.

ताईच्या घरी काय झालं ते सांगतो, कारण त्यात माझ्यापेक्षा तिचं डोकं जास्त आहे. दाजी रेल्वेत गाडीवर, ड्यूटीला वेळकाळ नाही. ते रात्री अकराला आले की घर पुन्हा जेवायला बसायचं आणि भाचा दुसऱ्यांदा हात धुऊन घ्यायचा. ताईनं पोराला एका शब्दानं टोकलं नाही. तिनं रात्रीची ती दुसरी पंगत मोडली, दाजींचं ताट झाकून ठेवायला लागली. वाण्याच्या यादीतून बिस्किटांचे पुडे आणि थंड पेयाची मोठी बाटली काढली. घरात नाही म्हणजे नाही, कुणालाच नाही. दुपारच्या डब्यात मटकीची उसळ, चार वाजता शेंगदाणे नाहीतर उकडलेलं अंडं. चहातली साखर सगळ्यांचीच निम्मी झाली, सासऱ्यांसकट. म्हातारे आठवडाभर कुरकुरले, मग विसरले. मोबाइल रात्री दहाला बैठकीच्या खोलीत चार्जिंगला, आईबापांचाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि कमी झोपलेलं पोर दुसऱ्या दिवशी गोडावर आणि तळणावर तुटून पडतं.

सगळ्यात अवघड काम तिनं पाहुण्यांत केलं. लग्नकार्यात पोर दिसलं की मावश्या-आत्या गाल ओढून म्हणतात, "काय रे जाड्या, दुकान खातोस का?" प्रेमानंच म्हणतात. पण त्यानंतर ते पोर फोटोत मागं उभं राहतं, मैदानावर जायला लाजतं. हिणवून कुणाचं वजन उतरत नाही, हिणवलेलं पोर चोरून खातं. ताईनं स्वतःच्या नणंदेला सगळ्यांदेखत थांबवलं. त्याबद्दल मला तिचा फार अभिमान वाटतो.

राहिलं मैदान. इथं पाच ते अठरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर दम लागेल असं हलावं, आणि आठवड्यातून काही दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असं सरकार सांगतं. दुसरा भाग आपल्या पोरांसाठी जास्त मोलाचा, कारण आपल्याकडं स्नायूच कमी. त्यासाठी जिमची पावती फाडायला नको. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, कबड्डी, तालमीतली माती हे सगळं आपल्याकडं आहेच. पण तासभर हलायचं कुठं? माझ्या दारातून बाहेर पडलं की फरसबंद पायवाट आहे, दिवे आहेत. शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडं उसात बिबट्या आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं लहान मुलांचे जीव गेले, माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागली. त्या गावच्या मुलाला पहाटे पळायला जा म्हणणारा मी कोण? आणि महामार्गालगतच्या गावात रस्त्यावर पळणं म्हणजे ट्रकच्या चाकाशी खेळ.

म्हणून माझं मागणं शाळांकडं आहे. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी रोज १५ मिनिटं सगळ्या वर्गाला मैदानात सोडायला सुरुवात केली. पळा, चाला, गप्पा मारा, पण फिरत राहा. गणवेश तोच, शर्यत नाही. ही 'डेली माइल' आता अनेक देशांत गेली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला यासाठी एक पैसाही लागत नाही. आणि शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप लावण्याऐवजी दिवेलागणीपर्यंत मैदान उघडं ठेवलं, गावातला एक माणूस आळीपाळीनं तिथं थांबला, तर उसाच्या कडेला न जाता पोरं खेळतील. दौंडला तर पळणाऱ्यांची वाण नाही. राज्य राखीव पोलीस बलाच्या भरतीसाठी पोरं पाच किलोमीटरचा सराव करतात, म्हणजे बरोबर पार्करनचंच अंतर. त्यांच्यापैकी एखाद्यानं रविवारी चार सुटलेल्या पोरांना सोबत घेऊन सगळ्यांच्या मागून चालावं, एवढंच.

मुलींचं मी वेगळं लिहितो, कारण त्यांचं मैदान न बोलता काढून घेतलं जातं. सातवी-आठवीत पाळी आली की खेळ संपतो. इथंही मुली त्याच वयात खेळ सोडतात. लोक बघतील, घाम दिसेल, ही भीती इथंही आहे. २०१५ मध्ये 'धिस गर्ल कॅन' नावाची मोहीम काढून सर्व आकारांच्या, घामेजलेल्या, धापा टाकणाऱ्या बायका टीव्हीवर दाखवल्या, त्या याच भीतीवर उतारा म्हणून. आपल्याकडं पोलीस भरतीनं हे दार थोडं उघडलंय. पण सगळ्यांना पोलीस व्हायचं नसतं. आई आणि मुलगी दोघी मिळून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या तर गाव आठवडाभर बघेल, मग आपल्या कामाला लागेल.

साखरेबद्दल लिहिताना हात अडखळतो, कारण न्हावरा आणि पाटसच्या कारखान्यांवर आपल्या घरांच्या चुली पेटल्या आहेत. तरी सांगतो. एप्रिल २०१८ पासून इथं १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या थंड पेयांवर उत्पादकाला कर भरावा लागतो. कर लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर कमी केली. मुलांना उपदेश न करता त्यांच्या पोटातली साखर घटली. आपल्याकडं शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले जास्त साखर-तेल-मिठाचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहेच. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तो वाचून दाखवा.

भाच्याचं वजन मी विचारत नाही. ताई सांगत होती, गेल्या रविवारी तो मैदानाच्या दोन फेऱ्या न थांबता पळाला आणि तिसऱ्या फेरीत दाजींनाच थांबावं लागलं. दाजी आता पळायचे बूट घेणार आहेत.

शिरूर-दौंडमधली जी शाळा संध्याकाळी मैदान उघडं ठेवते तिनं संपादकांकडं कळवावं. पोरं किती येतात, मुली येतात का, कुलपाची किल्ली कुणाकडं असते, हे सगळं लिहा. इथल्या शाळांतल्या दुपारच्या जेवणाबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.