आधी पाणी, मग फरशी

घर पाहावे बांधून, असे म्हणतात. पण बांधलेल्या घरातील न्हाणीघर नव्याने करणे हेही कसोटीचेच काम आहे. यंदा आमच्या घरी हा विषय निघाला, तेव्हा पहिली चर्चा झाली ती फरशीच्या रंगाची. माझ्या मते विचाराचा क्रम उलट हवा.

त्याला कारण आमच्या बाळापूरची भूमी. वऱ्हाडातील काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. मोरीचे पाणी पायाशी मुरत राहिले, तर एकीकडची माती फुगते, दुसरीकडची कोरडीच राहते आणि भिंतीला तडा जातो. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. विहिरीचे वा बोअरचे खारे पाणी भिंतीत शिरले, की सुकताना क्षार मागे ठेवते. गिलाव्याचे पोपडे सुटतात. लोखंडी नळही लवकर गंजतात.

म्हणून सांडपाणी बंद नळाने जोत्यापासून दूर न्यावे. फरशीला मोरीकडे मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार द्यावा. पाण्याचे नळ प्लॅस्टिकचे घ्यावेत. फरशी बसविण्यापूर्वी मोरीचे तोंड बुजवून एक दिवस पाणी साठवून पाहावे. ओल दिसली तर दुरुस्ती तेव्हाच स्वस्तात होते.

फरशी मात्र खरखरीतच हवी. माझ्या आजीने सत्तरी ओलांडली आहे. तिचा पाय घसरला, तर त्या चकाकीचा उपयोग काय? तिच्या हाताशी भिंतीत एक दांडीही बसवावी.

पैसा मोजका असेल, तर तो न दिसणाऱ्या कामाला आधी द्यावा. रंगाचे पुढल्या दिवाळीलाही पाहता येईल.