786 किलोमीटरवरून दिसणारा वाशिष्ठीचा गाळ

लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. सांडपाण्याच्या नमुन्यात तरंगता गाळ किती, हे मोजणं माझ्याकडे असायचं. रीत साधी आहे. कोरडा गाळणकागद तोलायचा, त्यातून मापाने पाणी गाळायचं, कागद 103 ते 105 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वाळवायचा, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा तोलायचा. वजन जेवढं वाढलं, तेवढा गाळ. प्रक्रिया केलेलं पाणी नदीनाल्यात सोडायचं तर लिटरला 100 मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा, आणि त्या आकड्यावर आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचो. कारखान्याच्या पाण्याला जी शिस्त आहे ती नदीच्या पाण्यालाही हवी, असं मला 22 जुलै 2021 पासून फार तीव्रतेने वाटतं.

त्या दिवशी पुरात वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. पाणी ओसरल्यावर घराघरांत, दुकानांत राहिला तो चिखल. लोटे ते चिपळूण म्हणजे परशुराम घाट उतरण्याएवढं अंतर. आमच्या कारखान्यांतली कितीतरी माणसं चिपळूणहून येतात, त्यामुळे तो चिखल आम्हाला परका नव्हता. पुढे नागरिकांनी आंदोलन केलं, नदीतली गाळाची बेटं काढा ही मागणी लावून धरली, आणि जलसंपदा विभाग व नाम फाउंडेशन यांच्या यंत्रांनी वाशिष्ठी आणि शिवनदीच्या पात्रात काम सुरू केलं. ते आवश्यकच होतं. पण काढलेला गाळ घनमीटरमध्ये जाहीर होतो, तसा पुढच्या पावसात आलेला नवा गाळही त्याच्या शेजारी लिहिला गेला पाहिजे. नाहीतर आपण दरवर्षी यंत्रं उतरवत राहू आणि नदी जिंकते आहे की आपण, हे कळणारच नाही.

कोकणातली नदी गाळ कसा आणते ते पाहा. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतचं अंतर थोडं, उतार सुरुवातीला भयंकर आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त. डोंगरावर जी माती मोकळी होते ती काही तासांत खाली येते. त्यात जंगलतोड आहे, महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी परशुराम घाटात कापलेले डोंगर आहेत. चिपळूणजवळ मात्र उतार संपतो आणि समोरून भरतीचं पाणी चढतं. वेग मंदावला की नदी हातातलं ओझं तिथेच टाकते. वाशिष्ठीचं आणखी एक वेगळेपण आहे. कोयनेचं वीजनिर्मिती झालेलं पाणी, वर्षाला साधारण 67.5 टीएमसी, याच नदीत सोडलं जातं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. कोयनेच्या शिवसागर जलाशयात बराच गाळ मागे ठेवून आलेलं हे पाणी आणि पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारं तांबडं पाणी यांचा स्वभाव वेगळा. हा फरक वर्षभर नजर ठेवली तरच कळेल.

अशी नजर आज आकाशात आहे. युरोपीय अंतराळ संस्थेचा सेंटिनेल-2ए हा उपग्रह जून 2015 मध्ये आणि त्याचा जोडीदार 2बी मार्च 2017 मध्ये सुटला. 786 किलोमीटर उंचीवरून सेंटिनेल-2ची जोडी दर पाच दिवसांनी तीच जागा टिपत आली आहे, आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास. दृश्य रंगांमधला एक ठिपका जमिनीवर 10 मीटरचा. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका 30 मीटरचा, पण अशा चित्रांचा साठा मागे 1980च्या दशकापर्यंत जातो. दोन्हींची चित्रं कोणालाही फुकट मिळतात.

चित्रातून गाळ कळतो तो प्रकाशावरून. स्वच्छ पाणी लाल प्रकाश आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतं. मातीचे कण तोच प्रकाश वर परत पाठवतात. गाळ थोडा असताना लाल पट्ट्यातली चमक वाढत जाते. फार दाट झाला की ती वाढायची थांबते, आणि मग इन्फ्रारेड पट्टा कामाला येतो. मात्र ही चमक म्हणजे मिलिग्रॅम नव्हे. उपग्रहाकडे पोचणारा बराचसा प्रकाश तर पाण्याचा नसून मधल्या हवेचा असतो. तो आधी वजा करावा लागतो. उरलेल्या चमकेला आकड्याचं रूप द्यायला त्याच वेळी, त्याच जागी भरलेली पाण्याची बाटली लागते. आमचं तेच गाळणकागदाचं काम. शिवाय जांभ्याची तांबडी माती आणि गंगेचा करडा गाळ सारखे चमकत नाहीत, म्हणून तिकडचं सूत्र इथे जसंच्या तसं चालवू नये. वाशिष्ठीचं सूत्र वाशिष्ठीच्या पाण्यातूनच काढायला हवं.

मोठ्या नद्यांवर हे काम किती पुढे गेलं आहे, याचा एक दाखला देते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी लँडसॅटच्या चित्रांवरून जगातल्या 414 मोठ्या नद्यांचा गाळ अजमावला आणि 2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडला. उत्तरेकडच्या देशांत धरणांनी गाळ अडवल्यामुळे समुद्रात पोचणारा जगातला एकूण गाळ धरणांपूर्वीच्या 49 टक्क्यांवर आला आहे. दक्षिणेकडच्या देशांत जमिनीचा वापर बदलल्याने नद्यांच्या पाण्यातला गाळ 1980च्या दशकापासून सरासरी 41 टक्क्यांनी वाढला आहे. आपल्याकडेही नाशिकची ‘मेरी’ ही संस्था धरणांतला गाळ उपग्रहचित्रांवरून अजमावते. तिथली युक्ती निराळी: पाण्याची पातळी ठाऊक असताना पाणी किती क्षेत्रावर पसरलंय ते चित्रात मोजायचं. त्याच पातळीला पूर्वीपेक्षा पसारा कमी भरला, तर तेवढी जागा गाळाने खाल्ली.

आमच्या नदीची अडचण मोठी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्या महिन्यांत गाळ येतो त्याच महिन्यांत आकाश झाकलेलं असतं. सेंटिनेल-1 या दुसऱ्या उपग्रहाचं रडार ढगांतून पाहतं, पुराचं पाणी कुठवर पसरलं ते दाखवतं. पाण्यातला गाळ ते सांगू शकत नाही. चिपळूणच्या वर पात्र इतकं अरुंद आहे की एका ठिपक्यात पाणी आणि काठ मिसळतात. उपग्रहाला वरचा थर तेवढा दिसतो. तळाशी घरंगळणारी वाळू त्याच्या हिशेबात येत नाही. आणि एकूण गाळ काढायचा तर नदीचा विसर्गही मोजलेला हवा.

तरीही हाती बरंच उरतं. गोवळकोटपासून दाभोळ-अंजनवेलपर्यंतची खाडी रुंद आहे. पावसाच्या उघडिपीत आणि ऑक्टोबरनंतर तिची चित्रं चांगली मिळतात. गढूळ पट्टा ओहोटीला कुठवर जातो आणि भरती त्याला कशी मागे रेटते, हे त्यांत वाचता येतं. त्याहून मोलाची मला वाटतात ती बेटं. दर उन्हाळ्यातली, सारख्याच भरती-ओहोटीच्या वेळची चित्रं ओळीने लावली, तर कुठलं बेट काढल्यावर पुन्हा उभं राहिलं आणि कुठलं नाही, ते दिसेल. यंत्रं कुठे उतरवायची ते त्यावरून ठरावं.

खाडीकाठचे भोईबांधव विचारतात, यात प्रदूषण दिसेल का? त्यांना स्पष्ट सांगायला हवं: विरघळलेलं रसायन या चित्रांत दिसत नाही. त्यासाठी नमुना आणि प्रयोगशाळाच हवी. उपग्रहाच्या नावावर कोणी खाडी स्वच्छ असल्याचा दाखला देऊ लागलं, तर तो मानू नका.

लवेलला इंजिनीअरिंग कॉलेज आहे, खेड-चिपळूणला विज्ञान महाविद्यालयं आहेत, लोट्यात गाळणकागद रोज तोलणारे कितीतरी हात आहेत. त्यांना माझी विनंती आहे. सेंटिनेलच्या फेरीच्या तारखा आधी पाहून ठेवा. त्या दिवशी आभाळ मोकळं असेल तर अकराच्या सुमारास पुलावरून किंवा होडीतून, काठापासून दूर, लिटरभर पाणी भरा. बाटलीवर तारीख, वेळ, जागा आणि भरती की ओहोटी एवढं लिहा, गाळून तोला आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवा. याला सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.